अदृश्य सृष्टीचा शोधक

हॉलंडमध्ये हेग आणि रॉटरडॅम या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान डेल्फ्ट नावाचे एक जुने गाव आहे. गावातून कालवे वाहतात, कालव्यांच्या काठांनी विटांची उंच, अरुंद घरे उभी आहेत, आणि निळ्या नक्षीच्या पांढऱ्या भांड्यांबद्दल त्या गावाची दूरवर कीर्ती आहे. या डेल्फ्टमध्ये २४ ऑक्टोबर १६३२ रोजी, टोपल्या विणून उदरनिर्वाह करणाऱ्या एका कारागिराच्या घरी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक.

आंतोनी पाच वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. पुढे आईने दुसरा विवाह केला, आणि मुलाला शिक्षणासाठी बाहेरगावी ठेवण्यात आले. त्याला लिहिणे, वाचणे व हिशेब एवढेच शिकावयास मिळाले. त्या काळी युरोपात विद्वान म्हणवून घ्यावयाचे तर लॅटिन भाषा आलीच पाहिजे, असा दंडक होता. सर्व शास्त्रीय ग्रंथ त्याच भाषेत लिहिले जात. आंतोनीला ती कधीच आली नाही. जन्मभर त्याला एक मातृभाषा तेवढी येत होती. वयाच्या सोळाव्या वर्षी तो ॲम्स्टरडॅम शहरी एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागला, आणि १६५४ साली डेल्फ्टला परत येऊन त्याने स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. पुढे नगराधिकाऱ्यांच्या सभागृहाची देखभाल करण्याची नोकरी त्याला मिळाली. जमीन मोजणे, मद्याची पिंपे मापून देणे अशी कामेही त्याने केली. प्रपंचात त्याला दुःख बरेच सोसावे लागले. पाच मुलांपैकी मारिया नावाची एकच मुलगी जगली, आणि १६६६ साली पत्नीही गेली.

असा हा चारचौघांसारखा दुकानदार. परंतु कापडाच्या धंद्यात एक बारीकसे साधन वापरावे लागे. कापडाचा पोत पाहण्यासाठी, एका बोटभर जागेत ताणे किती व बाणे किती हे मोजण्यासाठी, व्यापारी लहानसे भिंग जवळ बाळगीत. भिंगातून सुताचे धागे दोरखंडासारखे दिसतात; मग माशीचा डोळा कसा दिसत असेल, मधमाशीची नांगी कशी दिसत असेल? अशी जिज्ञासा एकदा जागी झाली की तिला सहसा अंत राहात नाही. लेव्हेनहूक स्वतः भिंगे तयार करू लागला.

त्याचे सूक्ष्मदर्शक यंत्र पाहिले तर ते यंत्र आहे असे कोणास वाटणार नाही. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन लहान पट्ट्या एकमेकींवर बसविलेल्या, त्यांत एक बारीक छिद्र, आणि त्या छिद्रात ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असे एकच भिंग. भिंगासमोर एक टोकदार काटा. त्यावर पाहावयाची वस्तू चिकटवावयाची आणि मळसूत्र फिरवून ती पुढेमागे सरकवावयाची. पट्टी अगदी डोळ्याशी लावून उजेडाकडे तोंड करून पाहावे लागे. पाणी पाहावयाचे असल्यास ते काचेच्या केसासारख्या बारीक नळीत घेऊन तो त्या काट्याशी बसवी. त्याच्या उपलब्ध यंत्रांपैकी सर्वांत प्रभावी यंत्र वस्तू सुमारे २७० पट मोठी करून दाखविते. आयुष्यात त्याने अशी पाचशेहून अधिक यंत्रे केली. पण उत्तम यंत्रे त्याने कोणास विकली नाहीत, आणि भिंग तयार करण्याची युक्ती तर कोणासच सांगितली नाही. हा त्याचा स्वभाव पुष्कळांना खटकत असे, आणि तो खटकणे योग्यच होते, असे मला वाटते.

डेल्फ्टमध्ये रेग्निअर द ग्राफ नावाचा एक तरुण वैद्य राहात असे. त्याने १६७३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या कापड दुकानदाराची ओळख करून दिली. रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची नामांकित सभा होती. तिचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लेव्हेनहूकचे पहिले पत्र भाषांतर करून छापले. त्यात बुरशी, मधमाशी आणि ऊ यांचे वर्णन होते. तेव्हा त्याचे वय चाळीस वर्षांचे होते. त्यानंतर पन्नास वर्षे तो त्या सभेला पत्रे लिहीत राहिला.

१६७४ साली त्याने गावाजवळच्या एका तळ्याचे हिरवट पाणी नळीत घेतले. त्या पाण्यात त्याला हिरव्या तंतूंच्या जोडीला काही बारीक ठिपके दिसले, आणि ते ठिपके हलत होते. कोणी वर जाई, कोणी खाली येई, कोणी गरगर फिरे. धुळीचा कण पाण्यात पडला तर तोही हलतो. पण तो पाण्याबरोबर वाहात जातो. हे ठिपके थांबत, वळत आणि पुन्हा निघत. ज्याला स्वतःच्या इच्छेने हालचाल करता येते तो प्राणी होय, अशी लेव्हेनहूकची समजूत होती. म्हणून त्याने या ठिपक्यांना लहानगे प्राणी असे नाव दिले. जिवंत काय आणि निर्जीव काय हे ठरविण्यासाठी त्याच्याजवळ हालचालीची ही एकच कसोटी होती.

दोन वर्षांनी त्याहून मोठे नवल घडले. मिरी तिखट का लागते, हा प्रश्न त्याच्या मनात आला. त्या काळी पूर्वेकडील देशांतून मिरी भरभरून आणणाऱ्या डच कंपनीची एक कचेरी डेल्फ्टमध्येच होती. तेव्हा मिरी मिळण्यास अडचण नव्हती. मिऱ्याला बारीक काटे असावेत व ते जिभेला टोचत असावेत, असा त्याचा तर्क होता. त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि सुमारे तीन आठवड्यांनी, एप्रिल १६७६ मध्ये, ते पाणी तपासले. काटे दिसले नाहीत. पण पूर्वी पाहिलेल्या प्राण्यांहून कितीतरी लहान असे असंख्य जीव त्या पाण्यात वावरताना दिसले. असे शंभर जीव एका रांगेत ठेवले तरी वाळूच्या एका जाड कणाची लांबी भरणार नाही, असा हिशेब त्याने मांडला. मापे घेण्याची सवय त्याच्या हाडीमासी खिळलेली होती, ती अशी उपयोगी पडली. ज्यांना आज आपण जिवाणू म्हणतो, ते मनुष्याच्या दृष्टीस प्रथम पडले ते या मिऱ्यांच्या पाण्यात.

लंडनच्या विद्वानांना हे पत्र पचणे कठीण गेले. पाण्याच्या एका थेंबात लक्षावधी प्राणी! तेही लॅटिन न येणाऱ्या एका दुकानदाराने, कोणास न दाखविलेल्या यंत्रातून पाहिलेले! लेव्हेनहूकची सारी प्रतिष्ठा या एका पत्रावर टांगली गेली. ते खोटे ठरते तर त्याच्या पुढच्या एकाही पत्राकडे कोणी वळून पाहिले नसते. त्याने गावातील व परगावच्या आठ प्रतिष्ठित गृहस्थांना, धर्मोपदेशक व नोटरी अशांना, ते जीव प्रत्यक्ष दाखविले आणि त्यांच्या सह्यांचे दाखले लंडनला पाठविले. परंतु यंत्राची युक्ती त्याने सांगितली नाही ती नाहीच. अखेर सोसायटीने रॉबर्ट हुक या आपल्या कुशल शास्त्रज्ञाला प्रयोग करून पाहण्यास सांगितले. पहिल्या खेपेस हुकला काहीच दिसले नाही. त्याने मिरी पुन्हा भिजत घातली, अधिक चांगले भिंग योजले, आणि १५ नोव्हेंबर १६७७ रोजी सभासदांसमोर ते जीव पाण्यात फिरताना दाखविले. पुढे १६८० साली सोसायटीने लेव्हेनहूकला आपला सभासद करून घेतले. त्या सभेत जाऊन बसण्याचा योग मात्र त्याला कधी आला नाही.

तळ्याचे पाणी झाले, मिऱ्यांचे पाणी झाले. मग त्याची दृष्टी स्वतःच्या देहाकडे वळली. १६८१ साली त्याचे पोट बिघडले. पोट बिघडले तर मनुष्य औषध घेतो आणि गप्प पडून राहतो. लेव्हेनहूकने आपला मळ भिंगाखाली ठेवला! मुलांनो, नाक मुरडू नका. वैद्य आजही तेच करतात. त्यात त्याला चपट्या पोटाचे काही जीव दिसले. त्यांच्या अंगाखाली बारीक पायांसारखे काही फार लगबगीने हलत होते. पण त्या मानाने ते पुढे थोडेच सरकत. त्यांच्याखेरीज आणखी एक जात होती, लांबट व अतिशय बारीक. ती सापासारखी अंग वळवीत त्या द्रवातून सपाट्याने निघून जाई. पोट ठीक असताना चपटे जीव त्याला आढळत नसत. त्या जिवांमुळेच पोट बिघडले असेल, हा विचार मात्र त्याच्या मनात आला नाही. त्या काळी तो सहसा कोणाच्या मनात येत नसे.

यानंतर आले ते प्रसिद्ध पत्र. त्याची तारीख १७ सप्टेंबर १६८३. लेव्हेनहूक तेव्हा पन्नाशीत होता. आपल्या दातांची तो फार निगा राखी. रोज सकाळी मिठाने दात घाशी, जेवणानंतर काडीने फटी कोरी आणि फडक्याने दात पुसून काढी. आपल्याकडे आजी-आजोबा मिठाने दात घाशीत, तशीच ही रीत. एवढे करूनही भिंगाने पाहता दाढांच्या मधे भिजवलेल्या पिठासारखे पांढरे किटण थोडेसे राहतेच, असे त्याला आढळले. त्याने ते किटण काडीने काढले, स्वच्छ पावसाच्या पाण्यात आणि काही वेळा स्वतःच्या लाळेत कालविले, आणि पाहिले.

किटणात जिवांची नुसती गर्दी होती. त्याने त्यांची विभागणी केली ती मुख्यत्वे चालीवरून. सर्वांत मोठी जात पाण्यातून अशी झपाट्याने जाई, की जणू पाइक नावाचा शिकारी मासा भक्ष्यावर झेप घेत आहे. दुसरी जात भोवऱ्यासारखी गरगरे आणि मधूनच वाकडीतिकडी वाट काढीत पुढे जाई. तिसरी जात इतकी लहान, की तिला आकार काय तेही नीट समजेना. पण चिलटांचा थवा उन्हात घोटाळावा तशी ती एका ठिकाणी दाटीने वळवळत होती. लेव्हेनहूकला स्वतःला चित्रे काढता येत नसत. त्यासाठी तो चित्रकार ठेवी. त्या पत्राबरोबरच्या चित्रात भोवऱ्यासारख्या जिवाजवळ टिंबांची एक वळणदार रेघ काढली आहे आणि तिच्या दोन टोकांस अक्षरे दिली आहेत. तो जीव कोठून कोठे व कसा गेला, हे दाखविणारी ती रेघ आहे. चित्र म्हणजे स्थिर वस्तू. तिच्यात गती कशी दाखवावी, ही अडचण त्याने अशी सोडविली.

मग त्याने आपल्या ओळखीच्यांची तोंडे तपासण्याचा सपाटा लावला. दोन स्त्रिया, आठ वर्षांचे एक मूल आणि ज्याने जन्मात कधी दात घासले नव्हते असा एक म्हातारा, इतक्यांचे किटण त्याने पाहिले. म्हाताऱ्याच्या तोंडात जिवांची जणू जत्रा भरली होती. तेथील सर्वांत लांब जीव पुढे सरकताना अंगाला वेलांट्यांसारख्या वळ्या पाडीत. हॉलंड देशात जितकी माणसे आहेत त्यांहून अधिक प्राणी आपल्या एका तोंडात आहेत, असा अंदाज त्याने केला.

एवढ्यावर तो थांबला नाही. किटण कालविलेल्या पाण्यात त्याने सिरका मिसळला; जीव तत्काळ निश्चल झाले. मग त्याने सिरक्याने चूळ भरून पाहिली. या वेळी मात्र किटणातील जीव तसेच हलताना आढळले. सिरका किटणाच्या आतपर्यंत पोहोचत नाही, वरचेवरचे जीव तेवढे मरतात, असा निष्कर्ष त्याने काढला. दातांवरील जिवाणू चिकट थर करून राहतात आणि त्या थराच्या आत ते औषधापासून बऱ्याच अंशी सुरक्षित असतात, हे आज दंतवैद्यांना पक्के ठाऊक आहे. नुसती चूळ पुरत नाही, दात घासावेच लागतात, त्याचे कारण हेच.

हे जीव चालत होते कशाच्या बळावर? लेव्हेनहूकला हे कोडे होते. एवढी चपळाई आहे त्या अर्थी पाय किंवा पर असणारच, असे त्याला वाटे; पण ते दिसत नसत, आणि त्याच्या भिंगातून दिसणे शक्यही नव्हते. बहुतेक पोहणाऱ्या जिवाणूंना शेपटीसारखे तंतू असतात, आणि ते मनुष्याच्या केसाहून हजारो पटींनी बारीक असतात. एकोणिसाव्या शतकात ते तंतू शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले. तरी ते चालतात कसे हे कळावयास आणखी काळ जावा लागला. मासा शेपूट डावीउजवीकडे हलवितो. तसाच हाही तंतू हलत असेल, असा समज होता. १९७३ व १९७४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा तंतू हलत नाही, तर फिरतो! त्याच्या मुळाशी जिवाणूच्या त्वचेत एक अतिसूक्ष्म चाक बसविलेले असते, आणि ते एका सेकंदात सुमारे शंभर वेळा फिरू शकते. डेल्फ्टच्या आसपास पवनचक्क्यांची वाण नव्हती. पण आपल्याच पोटातील जिवांच्या अंगी फिरती चाके असतील, हे लेव्हेनहूकच्या स्वप्नातही आले नसेल.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या कोलाय नावाच्या जिवाणूला असे अनेक तंतू असतात. ते सर्व एका दिशेने फिरले की त्यांची जुडी होते आणि जिवाणू सरळ पोहत जातो. काही तंतू उलटे फिरले की जुडी सुटते, जिवाणू जागच्या जागी कोलांटी खातो आणि नव्या दिशेने निघतो. अन्न जवळ येत असेल तर कोलांट्या कमी होतात, आणि वाट नकळत अन्नाकडे वळते. जठरात तर आम्लाचा दाह असतो. तेथे कोणी जिवाणू टिकत नाही, असे डॉक्टर बरीच वर्षे मानीत आले होते. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी जठरातील एक नागमोडी जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. तो आपल्याभोवतीचे आम्ल सौम्य करतो आणि शेपट्या फिरवीत जठराच्या अस्तरावरील बुळबुळीत थरात शिरतो. जठरातील व्रणांचे तो एक मोठे कारण आहे. या शोधाबद्दल दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

लेव्हेनहूकने पाहिलेल्या दातांतील जिवांची ओळखही आता बरीच पटली आहे. भोवऱ्यासारखा फिरणारा जीव चंद्रकोरीच्या आकाराचा एक जिवाणू असावा; त्याच्या कोरीच्या आतल्या बाजूस शेपट्यांचा झुपका असतो. म्हाताऱ्याच्या तोंडातील वळ्या पाडणारे जीव मळसूत्री जिवाणू होते. त्यांच्या शेपट्या कातडीच्या आत दडलेल्या असतात, आणि त्या फिरल्या की सारे शरीरच स्क्रूसारखे फिरत पुढे जाते. उलट आपल्या कातडीवर व दातांवर राहणाऱ्या कित्येक गोल जिवाणूंना चालण्याचे कोणतेच साधन नसते. ते जिवंतच असतात. फक्त एके ठिकाणी चिकटून राहतात. शिवाय पाण्यातील अगदी बारीक निर्जीव कणही सतत थरथरतात, हे रॉबर्ट ब्राउन याने १८२७ साली पाहिले. त्यामुळे चिलटांच्या थव्यासारख्या त्या तिसऱ्या जातीपैकी काहींची वळवळ ही अशी नुसती थरथर असू शकेल. हलते ते जिवंत, ही कसोटी दोन्हीकडून थोडी अपुरी होती.

लेव्हेनहूक वृद्ध झाला तरी त्याचे पाहणे सुटले नाही. १६९२ साली त्याने आपल्या पुढच्या दातांतील किटण पुन्हा तपासले, तो एकही जीव हलेना! बराच विचार केल्यावर त्याच्या ध्यानात आले की अलीकडे आपण सकाळी कढत कॉफी पिऊ लागलो आहोत. मग त्याने मागच्या दाढांतील किटण काढले. तेथवर कॉफीचा ताप पोहोचत नव्हता, आणि तेथे जीव पूर्वीसारखेच फिरत होते.

त्याची कीर्ती आता देशोदेशी गेली होती. १६९८ साली रशियाचा बादशहा पीटर हॉलंडमध्ये आला असता त्याने लेव्हेनहूकला मुद्दाम बोलावून घेतले, आणि ईल माशाच्या शेपटीत रक्त कसे वाहते ते त्याच्या भिंगातून पाहिले. जर्मनीचा थोर तत्त्वज्ञ लायब्निझ याने त्याला तरुण शिष्य तयार करण्याविषयी सुचविले, तेव्हा मात्र त्याने साफ नकार दिला.

१७२३ साली त्याला अखेरचे दुखणे आले. पोटाच्या वरच्या बाजूस मधूनमधून जोराची धडधड होई आणि श्वास कोंडे. वैद्य म्हणत, हे हृदयाचे दुखणे. त्याला ते पटेना. त्याने धडधड व नाडी यांचा मेळ बसतो का ते पाहिले, आणि हे हृदय नसून छाती व पोट यांमधील पडदा असा उडत आहे, असे ठरवून तसे सोसायटीला कळविले. या विरळ विकाराला वैद्यकात पुढे त्याचेच नाव मिळाले. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, एक्याण्णवावे वर्ष पुरे होण्यास दोन महिने उरले असता, तो मरण पावला. डेल्फ्टच्या जुन्या चर्चमध्ये त्याची समाधी आहे.

मरणापूर्वी त्याने एक पेटी भरून ठेवली होती. तीत चांदीची सव्वीस सूक्ष्मदर्शक यंत्रे होती. मारियाने वडिलांच्या इच्छेप्रमाणे ती लंडनला पाठविली. एकोणिसाव्या शतकात ती पेटी हरवली आणि तिचा पुन्हा पत्ता लागला नाही. त्याची जी थोडी यंत्रे आज शिल्लक आहेत, त्यांपैकी दोन यंत्रांच्या पट्ट्या न उघडता त्यांतील भिंगे कशी आहेत हे हॉलंडमधील संशोधकांनी नव्या किरणांच्या साहाय्याने तपासले आणि २०२१ साली प्रसिद्ध केले. सर्वांत प्रभावी यंत्रातील भिंग हे काच वितळवून केलेला एक लहानसा मणी निघाला. काचेची तार ज्योतीत धरून असा मणी करण्याची कृती रॉबर्ट हुक याने १६६५ सालीच आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत छापून टाकलेली होती.